ताराबाईंच्या गळ्यातला गरुड

अकोल्याहून मुळशीला लोक जातात ते धबधबे बघायला. आम्ही गेलो ते एक इंग्रजी अक्षर बघायला. परत आल्यावर शेजारच्या देशमुखबाईंनी फोटो मागितले. माझ्या फोनमध्ये धबधब्याचे दोन, धरणाच्या पाण्याचा एक आणि एका नाण्याचे एक्केचाळीस निघाले. त्यांनी सातव्या फोटोपर्यंत तग धरला. बाकीचं मी इथे लिहिते आहे.

आधी माझी ओळख. पोस्टात बत्तीस वर्षं काढली. तिथे तिकिटं गोळा करायची सवय लागली, तिकिटांवरून नाण्यांवर आले आणि नाण्यांत शेवटी अडकले ती अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांत. अडकले ती अभ्यासापुरती. माझ्याकडे अशी नाणी दोन, दोन्ही बारकी, बँकेच्या लॉकरमध्ये. त्यांच्याविषयीची पुस्तकं मात्र एकोणीस. माझा नवरा अविनाश आल्यागेल्याला सांगतो, "हिच्याकडे लग्नाचे अल्बम एकोणीस आहेत, नवऱ्या मुली दोनच."

माझा भाचा कौस्तुभ हिंजवडीत नोकरी करतो आणि जवळच नांद्याला राहतो. त्याच्या इमारतीत दूध घालणाऱ्या निवृत्तींनी त्याला आपल्या आईच्या गळ्यातल्या 'राणीछाप गिनी'चा फोटो दाखवला आणि त्याने तो मला पाठवला. मी तो मोठा करून पाहिला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. ती गिनी नव्हती. ते अमेरिकेचं दहा डॉलरचं सोन्याचं नाणं होतं, सन १८८१ चं. एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा मुखडा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. अमेरिकेत ह्या नाण्याला गरुडच म्हणत.

आता अक्षराचं सांगते. तिकडे एकाच जातीची नाणी वेगवेगळ्या टांकसाळींत पडत, आणि कुठे पडलं ते कळावं म्हणून गरुडाच्या पायाखाली एक बारीक अक्षर असे. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. तिथे त्या वर्षी ही नाणी पोत्यांनी पडली. दोन सी म्हणजे कार्सन सिटी, खाणींच्या मुलखातलं गाव. तिथे पडली ती चिमूटभर. एस असेल तर सोन्याचा भाव; दोन सी असतील तर हौशी माणूस त्याच्या कितीतरी पट मोजतो. आणि निवृत्तींचा हात फोटो काढताना नेमका तिथे हलला होता.

मी कौस्तुभला फोन केला. म्हटलं, दिवाळीत येईन तेव्हा बघू.

"दिवाळीपर्यंत ते राहणार नाही, मावशी," तो म्हणाला. "त्यांची आई गुरुवारी ते कापणार आहे."

"कापणार म्हणजे?"

"मधोमध. सोनाराकडून. दोन मुलं आहेत ना तिला."

मी सोमवारच्या रात्रीच्या गाडीची तिकिटं काढली. अविनाशने फक्त विचारलं, "अक्षर एक आहे की दोन, ते बघायलाच चाललो ना आपण? पक्कं विचारून राह्यलो, डबा किती दिवसांचा घ्यायचा म्हणून."

मंगळवार, नांदे

नांदे हे गाव आहे की शहर, हे नांद्यालाच अजून ठरवायचं आहे. कौस्तुभच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका बाजूला काचेच्या इमारती दिसतात आणि दुसऱ्या बाजूला भात. मधल्या रस्त्यावर सकाळी आठला मोटारींची रांग लागते, त्या रांगेत एक बैलगाडीही होती, आणि तीच शांत होती.

निवृत्ती पन्नाशीचे. अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन फोन. त्यांनी आम्हांला आपली जमीन दाखवायला नेलं, म्हणजे जिथे जमीन होती ती जागा. "ती तिसरी बिल्डिंग बगा," ते म्हणाले. "तिच्या लिफ्टपाशी आमची हीर व्हती. गोड पानी." आणि पुढे म्हणाले, "आता पान्याचा टँकर येतुया तितं."

त्यांच्याकडे पितृपंधरवड्यातलं जेवण झालं. वडे, तांदळाची खीर, अळूची भाजी. आमच्याकडे वऱ्हाडात खीर-वडे असतातच, पण भात ताटाच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसतो. इथे भात यजमान. अविनाशने भाकरी कुठे आहे असं विचारलं, तेव्हा निवृत्तींच्या बायकोने भाकरी आणली. ती तांदळाची निघाली. "भातावर भातच खाऊन राह्यले हे लोक," तो माझ्या कानात म्हणाला, आणि तीन खाल्ल्या.

नाणं नांद्याला नव्हतं. निवृत्तींची आई ताराबाई हे नाणं गळ्यात घालूनच लेकीकडे ताम्हिणीला गेल्या होत्या. लेक सुनंदा घाटात धाबा चालवते. गुरुवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून धाबा बंद ठेवून दोघी पौडला सोनाराकडे जाणार होत्या. हातात एकच दिवस होता.

"म्याडम," निघताना निवृत्ती म्हणाले, "त्याची किंमत लई असंल तर आय ऐकंल. तुमी फकस्त सांगा तिला. एकसंध ऱ्हाऊ द्या म्हनावं. सुनीला मी तिच्या वाटनीचे पैसं दीन की."

मला माणूस लगेच आवडला. आमचं दोघांचं मत एकच होतं, आणि मत जुळलं की मी फार चौकशी करत नाही. ही माझी जुनी खोड आहे.

बुधवार, ताम्हिणीकडे

कौस्तुभने आपली मोटार दिली. अविनाश चालवायला, शेजारी निवृत्ती, मागे मी आणि माझी पिशवी. पिशवीत भिंग, व्यास मोजायची पट्टी, तळहाताएवढा वजनकाटा आणि एकोणीसपैकी दोन पुस्तकं.

पिरंगुटच्या पुढे लवासाचा फाटा दिसला आणि अविनाशला तिकडे वळावंसं वाटलं. "तितं इमारती लई, मान्सं थोडी," निवृत्ती म्हणाले. "आमच्या नांद्यात दोनी लई." आम्ही सरळ गेलो.

पौड मागे पडल्यावर रस्ता धरणाच्या पाण्याला लागतो आणि मग तासभर सोडत नाही. पाऊस सरत आला होता, पण सरता सरताही इथला पाऊस आमच्या जुलैला भारी. डोंगरांवर सोनकीची पिवळी फुलं होती, खाचरांतला भात निसवून लोंबीला आला होता, आणि काच खाली केली की त्या भाताचा वास आत यायचा. मी अकोल्याची. आमच्याकडे सप्टेंबरात उन्हाचा दुसरा हप्ता सुरू होतो. इथे मी शाल काढली.

एका वळणावर धुक्यातून चार म्हशी आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. अविनाशने हॉर्न वाजवला. "काहून थांबल्या असतील?" निवृत्ती म्हणाले, "त्या थांबल्या न्हाईत. त्या हितंच ऱ्हात्यात. थांबलो आपुन." आम्ही दहा मिनिटं थांबलो आणि त्या दहा मिनिटांत मला ती गोष्ट कळली जी मी नांद्याला विचारायला हवी होती.

मी सहज म्हटलं, जमीन विकली तेव्हा बहिणीलाही मिळालं असेल.

निवृत्ती म्हशींकडे बघत राहिले. "सुनीची सही घेतली तवा. हक्कसोडीची. सगळेच घेत्यात आमच्याकडं. ती काय बोलली न्हाई. साडी घेतली तिला, लई भारी." आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, "आय बोलली न्हाई तवा. आता बोलतीया."

अविनाशने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी मांडीवर घेतली.

ताम्हिणी

सुनंदाचा धाबा म्हणजे पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं, एक चूल आणि मागे भाड्याने द्यायच्या दोन खोल्या. चुलीपाशी सुनंदा उभी होती, पंचेचाळिशीची, दंड कुस्तीगिरासारखे. गवती चहाचा वास सुटला होता. तिने भावाला आधी टॉवेल दिला, मग चहा, मग विचारलं, "दादा, वैनी बरी हाय?" ज्या बहिणीला मी मनात जरा कडक रंगवलं होतं ती अशी निघाली.

ताराबाई कोपऱ्यात बसून खेकडे साफ करत होत्या. स्वतः त्या पितृपंधरवड्यात खात नाहीत, पण गिऱ्हाइकाला पंधरवडा नसतो. लहानखुऱ्या, सत्तरीच्या, डोळे अगदी स्वच्छ. मी कशासाठी आले ते त्यांना ठाऊक होतं. हात धुतले, पुसले आणि चोळीच्या आतून काळ्या दोऱ्यातलं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

दहा डॉलरचं नाणं मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. पुस्तकातली नाणी थंड असतात. हे कोमट होतं. वीस वर्षं ज्याची मापं पाठ केली ते अंगाच्या उबेसह हातात आल्यावर मला पट्टी कुठल्या कप्प्यात ठेवली तेही आठवेना.

वजनकाटा लावला तर तो लागेना. दमटपणाने आतला सेल गेला होता. अविनाशने बराच विचार केला आणि मोटारीच्या किल्लीतला सेल काढून काट्यात बसवला. काटा लागला. मग तो खिडक्या लावल्या का बघायला गेला, दार नुसत्या किल्लीने उघडलं, मोटारीला तो चोर वाटला आणि ती बोंबलायला लागली. पुढची पाच मिनिटं आम्ही त्या भोंग्याच्या तालावर नाणं मोजलं. घाटातली तीन माकडं बघायला आली. सेल परत किल्लीत गेला तेव्हा कुठे शांतता झाली, पण तोवर मापं मिळाली होती. व्यास बरोबर. कडी धरून वजन सतरा ग्रॅमच्या जरा वर, कडी वजा केली की बरोबर. नाणं खरं होतं.

"ही रानी कुटली?" ताराबाईंनी विचारलं.

"राणी नव्हे. अमेरिकेत राणी नव्हती. ही स्वातंत्र्याची मूर्ती समजायची. अशी खरी बाई कुणी नव्हती."

"मंजी मनातली."

"हो."

"तरीच. पोरंबाळं न्हाईत तिला, म्हून येवढी निवांत दिसती."

हे नाणं घरात कसं आलं असं मी विचारलं. सासऱ्यांचा बाप मुंबईच्या बंदरात हमाली करायचा, त्याने आणलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याने ते कमावलं, की कुणी दिलं, की पोत्याला भोक होतं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

त्या म्हणाल्या, "बगा कसं चकाकतंय. दर दिवाळीला राखुंडीनं घासती मी."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासनं."

मी पन्नासहून जास्त दिवाळ्या डोळ्यांपुढे आणल्या. जुन्या नाण्याची त्वचा एकदा घासली की गेली, असं आम्ही हौशी लोक एकमेकांना कुजबुजत सांगतो, जसं कुणाच्या आजाराबद्दल सांगावं. त्या बाईच्या केसांच्या बटा सपाट झाल्या होत्या. मुकुटावरची अक्षरं चाचपून वाचावी लागत होती. वर कडी डाख देऊन जोडलेली. पण कार्सन सिटीचं असेल तर एवढं सगळं माफ होतं. मी नाणं उलटं केलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

गरुडाच्या पायाखाली एकच अक्षर होतं. एस.

मी भिंग जरा वेळ तसंच धरून ठेवलं. बघायचं काही उरलं नव्हतं. पण भिंग खाली केलं की बोलावं लागणार होतं.

"आता सांगा," ताराबाई म्हणाल्या. "मी सोनाराकडं कापून दोगांला अर्दं अर्दं देनार हाय. हा म्हनतोय नासाडी हुईल, म्याडम सांगतील. कापलं तर किंमत कमी हुईल का?"

निवृत्ती पुढे झुकले. सुनंदाने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. अविनाश माझ्याकडे बघत होता.

तिथे त्या वेळी अमेरिकेच्या नाण्यांविषयी काही जाणणारी मी एकटी होते. दोन सी आहेत असं म्हटलं असतं तर कुणी भिंग मागितलं नसतं. नाणं वाचलं असतं. एकसंध, निवृत्तींकडे, आणि सुनंदाला पैसे मिळाले असते, नंतर. सगळ्यांत वाईट म्हणजे हे मला खोटं वाटतच नव्हतं. एकशे चाळीस वर्षं टिकलेली वस्तू वाचवायची, ह्यात काय पाप, असंच वाटत होतं. मी चष्मा काढून पुसला. मग परत पुसला.

"होणार नाही," मी म्हटलं. "हे साधं नाणं आहे. ह्याच्यासारखी खूप पडली. कडी डाखली, घासलं, आता हौशी माणूस ह्याला सोन्याच्या वर फार काही देणार नाही. अखंड ठेवा, कापा, किंमत सोन्याचीच."

निवृत्ती मागे टेकले.

"मी दिले असते तुला, सुने," ते म्हणाले. "अर्द्याचे पैसं."

"दिले असते, दादा. मला ठावं हाय," सुनंदा म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं.

"कवा?" ताराबाईंनी विचारलं.

ताराबाई माझ्याकडे वळल्या. "जमिनीचं झालं ते झालं. मी बी अंगठा दिला तवा, गप बसून. ही पोर सही करून आली आन घरी येऊन आमाला पिठलं करून वाढलं तिनं. आता माज्याकडं येवढंच हाय. ह्यात मी तिला सही करू देनार न्हाई."

मी तरी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, ताराबाई, हे सातासमुद्रापलीकडून आलंय, एवढ्या लोकांच्या हातांतून सलग राहिलंय, हळहळ वाटते.

"तुमाला लई वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती त्यात.

"हो."

"मंग आज हितं ऱ्हावा. ते तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. उशाला घिऊन झोपा. सकाळी द्या."

आणि खेकडे साफ करायला पुन्हा बसल्या. मी माझी दोन बारकी नाणी बँकेत दोन किल्ल्यांच्या मागे ठेवते. इथे एका बाईने मला तीन तासांच्या ओळखीवर घरातलं सगळं सोनं दिलं आणि पाठ केली. एक्केचाळीस फोटो त्या संध्याकाळचे आहेत. अविनाशने खेकड्यांचा रस्सा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, त्याने ते वऱ्हाडी स्वाभिमानाने नाकारलं आणि आणखी एक वाटी मागितली.

गुरुवार, पौड

पितृपंधरवड्यात सोनाराच्या दुकानात माशी बसत नाही. पौडचे सोनारकाका पेपर वाचत होते. आम्हां पाच जणांना बघून त्यांनी पेपर घडी करून ठेवला, आणि काम ऐकून परत उघडावासा वाटला असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"पंधरवडा चालू हाय, आजी," ते म्हणाले.

"घडवायला चालत न्हाई. मोडायला चालतो," ताराबाई म्हणाल्या. ह्यावर त्यांच्याकडे शास्त्र नव्हतं.

मग त्यांनी शहाणपणाचा मार्ग सुचवला. नाणं मोडीत घ्यायचं आणि तेवढ्याच सोन्याची दोन सारखी पदकं नवरात्रात करून द्यायची. मला तो पटला. ताराबाईंनी घट, म्हणजे वितळवताना तुटणारं सोनं, किती धरणार ते विचारलं, आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "घट तुमची, नवं सोनं बी तुमचं, मंग माजं काय त्यात? कापा."

सोनारकाकांनी कडी काढली, नाणं लाकडी ठोकळ्यावर धरलं, बारीक करवत उचलली आणि थांबले. "मध्य कुठला धरायचा? इकडं तिकडं झालं तर मला बोलू नका." त्यांनी माझ्या हातातली पट्टी बघितली. "म्याडम, तुम्ही जाणकार. तुम्ही रेघ मारा."

मी अविनाशकडे पाहिलं. त्याला चेष्टा करायला ह्याहून चांगली संधी आयुष्यात मिळाली नसती. त्याने फक्त माझी पिशवी हातात घेतली.

सत्तावीस मिलिमीटरचं निम्मं साडेतेरा. मी तीनदा मोजलं. तारखेच्या अठरा आणि एक्क्याऐंशीच्या मधून, कानामागून, वर मुकुटावरून, सोनारकाकांच्या बारीक पेनने रेघ ओढली. पाठीमागे ती रेघ गरुडाच्या छातीतून जाऊन बरोबर त्या एसवर उतरत होती.

करवतीचा आवाज उंदराच्या कुरतडण्याएवढा. पाच मिनिटंही लागली नाहीत. खाली पांढऱ्या कागदावर सोन्याचा कीस पडत होता आणि ताराबाई श्वास धरून बसल्या होत्या, की कीस उडू नये. दोन तुकडे वजनाला टाकले तर काट्यावर केसाएवढा फरक आला.

"जड हाय ते सुनीला द्या," निवृत्ती पटकन म्हणाले.

"न्हाई," ताराबाई म्हणाल्या. "सारकं मंजी सारकं. उपकार नकोत."

सोनारकाकांनी जड तुकड्याची कड कानशीने उतरवली, सगळा कीस कागदाच्या दोन पुड्यांत मोजून बांधला आणि काटा बरोबर मध्ये आणून दाखवला. दोऱ्यासाठी भोक पाडणं हे घडवण्यात येतं की मोडण्यात, ह्यावर जरा चर्चा झाली. मोडण्यात ठरलं.

मग आलं खरं भांडण. एका तुकड्यावर तोंड होतं, दुसऱ्यावर अंबाडा. कुणी काय घ्यायचं? ताराबाई चिठ्ठ्या टाका म्हणाल्या. निवृत्ती म्हणाले, सुनीने उचलावं. सुनंदाने दोन्ही तुकडे हातावर घेऊन बघितले.

"तोंड तू घे, दादा," ती म्हणाली. "तुला बोलायला लागतंय. मला कामात अंबाडाच बरा."

निवृत्ती हसले, आणि तसेच उठून बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. बहीण त्यांच्यामागे गेली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. काचेतून एवढंच दिसलं, की ती बोलत होती आणि ते मान हलवत होते.

ताराबाई माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. गळा मोकळा झाल्यामुळे हात सारखा तिथे जात होता. "बाई," त्या म्हणाल्या, "काल तुमी दोनदा चष्मा पुसला."

मी म्हटलं, "खोटं सांगावंसं वाटलं होतं."

"मला दिसलं ते. मी बी चुलीपाशी अशीच वली लाकडं सारती, बोलायचं नसलं की." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी जमिनीच्या टायमाला सारीत ऱ्हायली. तुमी बोललाव."

शुक्रवार

निवृत्ती पौडहूनच एस.टी.ने नांद्याला गेले. आम्ही मायलेकींना ताम्हिणीला सोडायला परत घाटात गेलो, आणि पाऊस असा लागला की तिथेच राहिलो. अविनाशला वाईट वाटलं नाही. तो सुनंदाला वऱ्हाडी ठेचा शिकवत होता आणि तो तिखट नाही म्हणून तिच्याकडून बोलणी खात होता.

सकाळी उघडीप झाली. पुण्याकडची चार मुलं-मुली मोटारसायकली लावून धाब्यात आली, डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेली. सुनंदा चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती. काळ्या दोऱ्यात तिचा तुकडा होता, एका कडेला गोल, एका कडेला सरळ. कापलेली कड तिने सोनारकाकांना गुळगुळीत करू दिली नव्हती. घासलं तर सोनं जाईल म्हणाली.

त्यांतली एक मुलगी ताट घ्यायला आली आणि तिचं लक्ष गेलं.

"मावशी, हे अर्धंच कसं?" तिने विचारलं. "तुटलं का? बाकीचं कुठाय?"

सुनंदाने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"नांद्याला हाय," ती म्हणाली. "भावाच्या गळ्यात."